नाव कमी करण्यापूर्वी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेच्या दप्तरात अनेक पुस्तके असतात. परंतु हजेरीपत्रकाइतके नित्याच्या वापरातले दुसरे पुस्तक नाही. परिपाठ आटोपला की ते उघडले जाते, नावे पुकारली जातात, हजर-गैरहजर अशा खुणा होतात आणि ते मिटले जाते. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की, एखाद्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत चालल्या आहेत ही गोष्ट डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाही. पुढे एके दिवशी ते नाव लाल शाईने कमी होते. शाळेच्या दृष्टीने पटावरील एक आकडा घटतो. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र आयुष्याची एक वाट बंद होते. असे नाव कमी होण्यापूर्वी शिक्षकाच्या हाती काय काय असते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कायद्याने काय दिले

या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. १८८२ साली हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बहुजनांच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या काळच्या या कायद्यांत सक्ती मुख्यतः पालकावर असे. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई.

२००९ सालचा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याने या सक्तीची दिशाच पालटली. सहा ते चौदा वर्षे वयाचे मूल शाळेत दाखल होईल, नियमित येईल आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे करील, हे पाहण्याचे बंधन आता शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेवर, आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हेही स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्पष्टपणे नोंदलेले आहे.

याच अधिनियमाच्या सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. २०१९ साली या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घ्यावी, अनुत्तीर्ण बालकास दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावी, आणि त्यातही ते अनुत्तीर्ण झाल्यास त्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना असावी, अशी ती दुरुस्ती होय. महाराष्ट्राने २०२३ साली तदनुसार आपले नियम बदलले. तथापि काढून टाकण्याची मनाई होती तशीच राहिली. मुलास वर्गात मागे ठेवता येईल. शाळेबाहेर घालविता येणार नाही. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली आहे, तर चोविसाव्या कलमात पालकांना नियमितपणे भेटून मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची कुवत व प्रगती त्यांच्या कानी घालणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

आदेशावाचून होणारी हकालपट्टी

कायदा इतका स्पष्ट असताना या विषयावर बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, खेड्यातील शाळेतून मूल क्वचितच लेखी आदेशाने काढले जाते. बहुधा ते हळूहळू ढकलले जाते, आणि ढकलणाऱ्यालाही आपण ढकलीत आहोत याची जाणीव नसते.

एखाद्या पालकास बोलावून, “तुमचा मुलगा काही शिकायचा नाही, दाखला घेऊन जा आणि दुसरीकडे घाला,” असे सांगितले जाते. पालक निरक्षर, त्यात गुरुजींचा शब्द. तो दाखला घेऊन जातो, आणि मूल दुसऱ्या शाळेत न जाता शेळ्यांमागे जाते. एखादे मूल वर्गात गडबड करते म्हणून रोज दाराबाहेर उभे केले जाते. एखाद्यास पाणी भरण्याच्या, निरोप पोहोचविण्याच्या कामी लावले जाते. कारण ते वर्गात नसले की वर्ग शांत असतो. एखादे मूल आले काय नि न आले काय, कोणी विचारीत नाही. यांपैकी एकाही कृतीची नोंद कोठे होत नाही. परंतु या सर्वांचा शेवट एकच असतो, आणि तो हजेरीपत्रकावर लाल शाईने लिहिला जातो.

एका शाळेतील हकीकत

ही गोष्ट विवेचनाने जितकी स्पष्ट होते त्याहून उदाहरणाने अधिक होईल. मराठवाड्यातील एका लहान गावी पहिली ते पाचवीची द्विशिक्षकी शाळा आहे. गावातील निम्म्याहून अधिक कुटुंबे ऊसतोडीस जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमधून टोळ्या निघतात, आणि परत येतात त्या गुढीपाडव्याच्या सुमारास. नवराबायको मिळून एक कोयता, अशी या धंद्यातील मोजणी. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते. म्हणून मागे राहण्याची सोय नसते, आणि मागे राहिलेल्या मुलास सांभाळावयास घरी कोणी नसेल तर तेही कोपीवर जाते.

अशाच एका कुटुंबातील मुलगा यंदा पाचवीत आला होता. चार वर्षे तो पटावर होता, परंतु शाळेत दरवर्षी जेमतेम निम्मा काळच होता. जून महिन्यापासून त्याच्याविषयी तक्रारी सुरू झाल्या. तो शेजाऱ्याची पाटी ओढी, मधेच ओरडे, मुलांना चिडवी. जुलैमध्ये त्याने एका मुलाच्या पाठीत दगड मारला आणि पाण्याच्या टाकीचा नळ मोडला. दुसऱ्या दिवशी चार-पाच पालक शाळेत आले. मार लागलेल्या मुलाची आई म्हणाली, “बाई, एक तर त्याला काढा, नाहीतर आमची चार पोरं आम्ही इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो.”

हा पेच किती अवघड असतो हे खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको. पट आधीच तुटपुंजा. चार मुले गेली तर शाळेच्या अस्तित्वाचा प्रश्न. एका मुलाखातर चार गमवावीत काय? आणि मार खाणाऱ्या मुलाला निर्भयपणे शिकण्याचा हक्क नाही काय? तो आहेच. त्या आईची तक्रार खोटी नव्हती, आणि ती खोटी ठरवून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

पाचवीच्या वर्गशिक्षिकेने पालकांकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली. तोवर मधल्या सुटीत त्या मुलाजवळ आपण स्वतः थांबू, असा शब्द दिला. मग तिने एक साधी वही घातली. तिच्यात चार रकाने आखले: वार व वेळ, गडबडीच्या आधी वर्गात काय चालले होते, मुलाने काय केले, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले. पंधरा दिवसांत नऊ प्रसंग नोंदले गेले. त्यांपैकी सात प्रसंग मराठीच्या तासाला, पाळीपाळीने मोठ्याने वाचावयास सांगितले असता, घडले होते. गणिताच्या तासाला एकही नव्हता. आणि चौथ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच नोंद होती: ‘वर्गाबाहेर उभे केले.’

ती वही वाचताना शिक्षिकेच्या ध्यानी जे आले ते तिला सुखावणारे नव्हते. मुलास वाचता येत नव्हते. त्याच्याहून लहान मुले भराभर वाचीत असता, आपली पाळी जवळ येत चालली की तो गडबड करी. मग त्याला बाहेर काढण्यात येई आणि वाचण्याचा प्रसंग टळे. शिक्षिका ज्यास शिक्षा समजत होती ती त्याची सुटका होती. वर्गात मूर्ख ठरण्यापेक्षा द्वाड ठरणे त्या मुलाने पत्करले होते, आणि शाळा त्याला रोज त्या कामी साहाय्य करीत होती.

घराच्या उंबरठ्यावर

त्यानंतर शिक्षिका त्याच्या घरी गेली. आईबाप खुरपणीस गेले होते. आजी घरी होती. पहिल्यांदा आजीने हात जोडले आणि म्हणाली, “बाई, पोरानं परत काही केलं का?” शाळेतून कोणी येते ते तक्रार घेऊनच येते, असा तिचा आजवरचा अनुभव होता. शिक्षिका म्हणाली, “नाही आजी, तक्रार घेऊन नाही आले. तो घरी काय काय करतो ते विचारायला आले.” मग आजी बोलू लागली. कोपीवर धाकट्या बहिणीस सांभाळणे त्याच्याकडे असते. उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या विकावयाच्या असतात तेव्हा हिशेब तोच करतो; गिऱ्हाईक किती पेंढ्या घेतो, किती पैसे देतो, किती परत द्यावयाचे, हे त्याच्या तोंडावर असते. “मुकादमसुद्धा त्याला फसवीत नाही,” असे ती अभिमानाने म्हणाली.

ज्या मुलास शाळा ‘ढ’ म्हणत होती तो तोंडी हिशेबात वर्गातील कोणाहून कमी नव्हता. घरभेटीविना ही गोष्ट शाळेला कळली नसती.

उपाय कोणते योजिले

पहिला उपाय असा की, वर्गात मोठ्याने वाचण्याची त्याची पाळी थांबविण्यात आली. पण वाचन थांबविण्यात आले नाही. शाळा भरण्यापूर्वी वीस मिनिटे तो शिक्षिकेजवळ बसू लागला. पहिलीचे पुस्तक त्याच्यापुढे ठेवले असते तर तो पुन्हा आला नसता. म्हणून त्याच्याच तोंडचे शब्द फळ्यावर आले: ऊस, फड, मोळी, कोयता, कोपी, वाढे. तो सांगे आणि शिक्षिका लिही. मग तेच तो वाची. चार ओळींचे त्याचे स्वतःचे बोलणे हा त्याचा पहिला धडा झाला. ज्याचा अर्थ आधीच ठाऊक आहे असे वाचताना अक्षर ओळखण्याचे ओझे निम्मे होते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे.

दुसरा उपाय असा की, जे त्याला येत होते ते वर्गापुढे आणले गेले. तिसरीच्या मुलांस सुट्या पैशांची देवघेव शिकविताना मांडलेल्या लुटुपुटीच्या दुकानाचा दुकानदार तो झाला. वर्गाने त्याला प्रथमच जाणता म्हणून पाहिले.

तिसरा उपाय अपराधासंबंधीचा होता. नळ मोडला त्याबद्दल छडी नव्हती, तशीच माफीही नव्हती. मुख्याध्यापकांनी नवा नळ आणविला, आणि गावातील प्लंबर तो बसवीत असता त्याच्या हाताशी राहून मदत करण्याचे काम त्या मुलास दिले. दगड मारला त्याबद्दल मार खाल्लेल्या मुलास समोर बसवून प्रथम त्याचे म्हणणे ऐकविले. नंतर यापुढे राग आला तर काय करावयाचे ते दोघांच्या संमतीने ठरले. राग आला की वर्गातून उठून ओट्यावरील माठापाशी जावे, पाणी प्यावे आणि परत यावे. विचारण्याची गरज नाही. हे साधन लहान खरे, पण बाहेर काढले जाणे आणि आपण होऊन क्षणभर बाहेर जाऊन परत येणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात मुलाचा पराभव असतो. दुसऱ्यात त्याचा स्वतःवरील ताबा असतो.

चौथा उपाय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत झाला. अधिनियमाप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. सभेत मुलाच्या चुका वाचून दाखविल्या नाहीत. मार खाणाऱ्या मुलाच्या रक्षणासाठी काय केले, तेवढेच प्रथम सांगितले. नंतर दिवाळीनंतर हा मुलगा कोठे राहील, हा प्रश्न समितीपुढे ठेवला. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावात ते सुरू करण्याचा प्रस्ताव समितीने वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्यापूर्वी, धाडला. आजीजवळ राहणाऱ्या मुलांचे जेवण व संध्याकाळचा अभ्यास यांची व्यवस्था त्यातून झाली. ज्या आईने चार मुले काढण्याची धमकी दिली होती तिचे घर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरास लागून होते. मुलगा वेळेवर जेवतो की नाही हे पुढे तीच पाहू लागली.

फळ किती आले

या हकीकतीचा शेवट चमत्काराने होत नाही. मुलाने त्यानंतरही दोनदा मारामारी केली. जानेवारीत तो पंधरा दिवस बापाकडे फडावर निघून गेला. मुख्याध्यापकांनी मुकादमाच्या फोनवरून बापाशी बोलून त्याला परत आणविले. एप्रिलमध्ये पाचवीच्या परीक्षेत मराठीत तो अनुत्तीर्ण झाला. पुन्हा मिळालेल्या संधीसाठी शिक्षिकेने सुटीतही सकाळचा वर्ग चालू ठेवला, आणि जूनमध्ये तो उत्तीर्ण झाला. तो अद्यापि अडखळत वाचतो. परंतु वाचतो, आणि पटावर आहे.

चिन्हे ओळखावी कशी

या एका उदाहरणावरून सर्व मुलांस एकच माप लावता येणार नाही. तथापि मूल शाळेतून निसटू लागल्याची काही चिन्हे सर्वत्र सारखी असतात. ती अशी:

१. महिन्यातील गैरहजेरी चार-पाच दिवसांवर जाऊ लागते, आणि ती विशेषतः ठरावीक वारी, ठरावीक तासाला किंवा सुटीच्या आगेमागे येते.

२. मूल हजर असते, पण मधल्या सुटीतील भोजनानंतर दिसत नाही.

३. त्याचा वर्ग एक असतो आणि वाचन-लेखनाची पातळी दोन-तीन इयत्ता मागची असते.

४. पूर्वी बोलणारे मूल अबोल होते, किंवा पूर्वी अबोल असलेले मूल अकस्मात दांडगाई करू लागते.

५. त्याच्यासंबंधी शिक्षकांच्या खोलीत एखादे विशेषण रूढ होते. शाळेने मुलास नाव ठेवले की ते मूल शाळेतून अर्धे गेलेच असे समजावे.

दांडगाई करणारे मूल निदान नजरेत भरते. गप्प राहणारे मूल अधिक धोक्यात असते. कान फुटलेल्या मुलास शिक्षकाचे बोलणे अर्धवट ऐकू येते आणि ते दुर्लक्ष करते अशी तक्रार होते. फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि नक्कल करणारे ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकास अशी मुले नावानिशी दाखवून द्यावीत. रांगेतील तपासणीत ती सुटून जाऊ शकतात. धाकट्या भावंडासाठी घरी ठेवलेल्या मुलीची गडबड कोणालाच होत नाही, म्हणून तिची आठवणही होत नाही. तिला भावंडासह अंगणवाडीपर्यंत येता येईल, आणि तेथून शाळा दहा पावलांवर आहे, एवढी व्यवस्था अंगणवाडी सेविकेच्या मदतीने पुष्कळ गावी करता येते. घरी मारहाण किंवा त्याहून गंभीर प्रकार होत असल्याचा संशय आला, तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक त्याच कामासाठी आहे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. वर्गात कोणाचे पैसे हरवले की काही ठिकाणी सर्वांच्या नजरा पारध्याच्या किंवा तत्सम भटक्या-विमुक्त समाजातील मुलाकडे वळतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना १९५२ साली तो कायदा रद्द होऊन मुक्तता मिळाली. कायद्याने पुसलेला तो शिक्का शाळेने पुन्हा उमटवू नये. एकट्या मुलाचे दप्तर सर्वांसमक्ष झडवणे हा सतराव्या कलमातील मानसिक छळ होय. आणि पैसे दुसऱ्याच दप्तरात सापडले तरी ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असे नाही.

वेळ कोठून आणावा

शिक्षकांचा रास्त आक्षेप असा असतो की, दोन शिक्षक, पाच वर्ग, त्यात माहित्या, प्रशिक्षणे आणि इतर कामे. एका मुलासाठी इतका वेळ कोठून आणावा? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते नाकारून कोणाचेही समाधान होणार नाही. परंतु हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. उपरोक्त मुलाच्या गडबडीपायी वर्गाचा वेळ रोज मोडतच होता. वीस मिनिटे आधी दिल्याने तो परत मिळाला. शिवाय हे काम एका वेळी सर्व मुलांसाठी करावयाचे नाही. प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक सत्रात पटावरील एकच नाव निवडावे, जे निसटण्याच्या बेतात आहे असे. त्याची वही घालावी, त्याच्या घरी जावे, आणि सत्राअखेर त्या नावाचे काय झाले ते केंद्राच्या परिषदेत सांगावे. एका केंद्रात जितके शिक्षक तितकी मुले दर सत्रास राखली जातील.

जे मूल टोळीबरोबर जाणारच असेल त्याच्याजवळ शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे जेथे ते जाईल तेथील शाळेत त्यास बसता येईल. त्याचे नाव कमी करू नये. परत आल्यावर पहिल्या दिवशी, “इतके दिवस कोठे होतास?” असे न विचारता, “आलास? बरे झाले,” असे म्हणावे. या दोन वाक्यांतील फरकावर ते मूल दुसऱ्या दिवशी येईल की नाही हे पुष्कळदा अवलंबून असते.

शाळेने मुलाकडे जाणे

शाळेने मुलाकडे जावे हा विचार या भूमीस नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात काम करताना असे पाहिले की, आदिवासी मुले गुरे राखण्यास जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच गुरांच्या कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांना विद्यार्थिदशेत कोल्हापुरात नियम मोडल्याबद्दल वसतिगृह सोडावे लागले होते. पुढे त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सर्व जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृहे उघडली. वसतिगृहाबाहेर पडावे लागलेल्या एका मुलाने हजारोंसाठी दारे उघडली. प्रत्येक द्वाड मूल कर्मवीर होईल असे नव्हे; पण कोणते होणार नाही हे पाचवीच्या वर्गात बसून सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

मघाच्या हकीकतीतील एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या गावची शाळा पाचवीपर्यंतच. सहावीस तीन किलोमीटरांवरील मोठ्या गावी जावे लागते. याच टप्प्यावर अनेक मुले गळतात. एका शाळेने दाखला दिलेला असतो, दुसऱ्या शाळेने त्यांची वाट पाहिलेली नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिक्षिका त्या मुलास घेऊन स्वतः त्या शाळेत गेली. नव्या वर्गशिक्षकाच्या हाती तिने दाखल्याबरोबर ती चार रकान्यांची वहीही दिली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने एवढेच लिहिले होते: ‘यास सर्वांदेखत मोठ्याने वाचावयास अद्याप सांगू नये. हिशेब विचारावा. राग आल्यास पाणी प्यावयास जाऊ द्यावे, परत येतो.’

त्या दिवशीही एका पटावरून एक नाव कमी झाले. परंतु ते त्याच दिवशी दुसऱ्या पटावर चढले, आणि त्या मुलाची ओळख त्या नावाबरोबर गेली. शाळेतून नाव कमी व्हावयाचेच असेल, तर ते याच रीतीने व्हावे.